डुकराच्या तंगडीला गुळाचा पाक

माझ्या बायकोच्या दादाने हॅम भाजणं हे एक नाटक आहे, आणि मी त्याचा नेमाने पहिल्या रांगेत बसणारा प्रेक्षक आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, घोडबंदर रोडवरच्या त्याच्या एकतिसाव्या मजल्यावरच्या घरी, दुपारी एक वाजता पडदा वर जातो. दादा काळा एप्रन बांधून ओव्हनसमोर उभा असतो, समोर सोसायटीतली चार जोडपी ग्लास धरून उभी असतात, आणि मधल्या ओट्यावर मुख्य पात्र पहुडलेलं असतं. गुलाबी, गुबगुबीत, नायलॉनच्या जाळीत कोंबलेलं. मला ते दरवर्षी आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांच्या पोटरीसारखं दिसतं.

हा तोच माणूस, ज्याच्या लहानपणी डोंबिवलीतल्या त्यांच्या घरात अंडी उकडायचं पातेलं वेगळं होतं. ते पातेलं स्वयंपाकघरात यायचं नाही. ते गॅलरीत, केरसुणीच्या शेजारी राहायचं. अंडं तिथेच वातीच्या स्टोव्हवर उकडायचं, तिथेच उभ्याने खायचं आणि टरफलं कागदात गुंडाळून दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या गल्लीतल्या कचराकुंडीत टाकून यायची. खायचा दादा, टरफलं टाकायला जायची माझी बायको. आता तोच दादा 'स्मोक्ड'चा उच्चार करताना ओठांचा असा चंबू करतो की वाटावं, ह्याच्या खापरपणजोबांनीच डुकराला धुरात टांगायची विद्या शोधून काढली.

या जेवणाला प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं असतं. बाकीचे चीज आणतात, केक आणतात. माझ्या बायकोला वीस वर्षं एकच हुकूम आहे. "तू आपल्या नारळाच्या वड्या आण." ती आणते. स्टीलच्या गोल डब्यातून, बदामी रंगाच्या, कडा धरून कापलेल्या. तो डबा वहिनी फार प्रेमाने घेतात आणि सिंकच्या वरच्या फळीवर ठेवतात, आणि निघताना तसाच परत देतात. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. दादाकडेही तो रिकामा येत नसे. आमच्याच वड्या घालून येई.

एका वर्षी मात्र डबा रिकामा आला. बायकोचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडे बघवेना. खाली पार्किंगमध्ये आलो तर दादाचा ड्रायव्हर गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून वड्या खात बसलेला. "मॅडम, साहेबांनी दिल्या. एकदम मस्त झाल्यात," तो म्हणाला. त्या घरातून तिला मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र. बायको त्याच्याशी छान बोलली, त्याच्या मुलांची चौकशी केली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही गेलोच नाही. आणि गेल्या डिसेंबरात तिने स्वतःच दादाला फोन लावला.

"दादा, या वर्षी हॅमवरचं ते चकचकीत मी करून आणते."

पलीकडून हसू. "अगं, ग्लेझ म्हणतात त्याला. ते वड्या थापण्याइतकं सोपं नसतं. टेम्परेचर असतं, टेक्स्चर असतं."

"काय काय घालतोस ते सांग."

"ब्राउन शुगर, मस्टर्ड, व्हिनेगर, चिली, जिंजर, क्लोव्ह्ज."

बायकोने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गूळ, मोहरी, आमसूल, मिरची, आलं, लवंग. मेथांब्यात मेथीऐवजी मोहरी फेसून घातली की झालं. वीस वर्षं केवढा तो बाऊ!"

"बरं, आण तू," दादा म्हणाला, "पण माझी बाटली मी आणून ठेवतो. बॅकअप."

तो आठवडाभर आमच्या घरात बॅकअप याच शब्दाचा जप चालला होता. भांडी घासताना बॅकअप, कुकर लावताना बॅकअप. मला तेव्हाच कळलं की हे ग्लेझ हॅमवर चढायलाच हवं. ते जर सिंकवरच्या फळीवर गेलं, तर पुन्हा कधी तिच्या तोंडून माहेर हा शब्द निघणार नाही.

अशा ऐतिहासिक कामात माझ्याकडे काय सोपवलं गेलं? गूळ आणणं. "साधा गूळ आणा," तिने तीनदा सांगितलं. वाण्याकडे दोन ढेपा होत्या. एक फिकट, भुसभुशीत, कोपरा फुटलेली. दुसरी काळसर, तुकतुकीत, पारदर्शक कागदात गुंडाळलेली. मला सौंदर्यदृष्टी आहे. मी दुसरीकडे बोट दाखवलं.

"चिक्कीचा हवाय?" वाण्याने विचारलं. संक्रांत पंधरा-वीस दिवसांवर होती, त्यामुळे विचारलं असेल.

आता, वाण्यासमोर आपल्याला काही कळत नाही हे कबूल करणारा पुरुष अजून आमच्या गल्लीत जन्माला यायचाय. "तर! तोच तर हवाय," मी म्हणालो. घरी येण्यापूर्वी जिन्यात कागद काढून खिशात घातला.

"साधाच आहे ना?"

"साधाच."

तिने गूळ चिरायला घेतला तेव्हा सुरी दोनदा सटकली. "कडक आहे हो फार." "थंडी आहे ना," मी म्हणालो.

पण करताना बघायला हवं होतं तिला. आमसुलं भिजवून पिळली, मोहरीची डाळ लोणच्यासाठी फेसतात तशी फेसली, इतकी की मला दुसऱ्या खोलीत शिंका यायला लागल्या. बेडगी मिरची रंगासाठी, दोन लवंगी मिरच्या दादासाठी. गूळ विरघळला, उकळी आली, तसा सगळ्या घराला एक तिखट, गोड, नाकात शिरणारा वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, "कसलं लोणचं घालताय ऐन थंडीत?" डुकराचं, असं मी सांगणार होतो. बायकोने डोळे वटारले.

तिने पाकाचा थेंब अंगठ्यावर घेतला, बोटाने उचलला, तार तुटली. "अजून व्हायचाय. मी साडी नेसून येते. एकतारी झाला की गॅस बंद करा. एकतारी. कळलं?"

मी डाव हातात घेतला. दादाचा एप्रन नव्हता म्हणून टॉवेल बांधला. ढवळताना हात उंचावून पाकाची धार सोडायची आणि खाली काल्पनिक पाहुण्यांकडे बघून स्मित करायचं, हे मला फार सुंदर जमायला लागलं. एक तार आली. मला वाटलं, एकीपेक्षा दोन बऱ्या. दोन आल्या, आणि पाकाला असा काही तांबूस रंग चढला की बंद करवेना. ती आली तेव्हा मी पाक डब्यात ओतून झाकणाची वाट बघत विजयी मुद्रेने उभा होतो.

तिने चमचा फिरवला. "घट्ट नाही वाटत?"

"गार झाला की सैल होईल," मी म्हणालो.

साखरेच्या शास्त्राला असा उघड विरोध आजवर कुणी केला नसेल. एरवी तिने मला तिथेच धुतला असता, पण तोंडात पिना होत्या आणि खाली गाडी येऊन उभी होती.

डोंबिवलीहून मोठागावच्या नव्या पुलावरून आम्ही निघालो. डबा तिच्या मांडीवर. ऊन चढलं होतं म्हणून मी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितला आणि समोरची झडप डब्याकडे वळवली, म्हणजे पाक खराब व्हायला नको. पुढे घोडबंदरला मेट्रोच्या खांबांखाली पाऊण तास अडकलो. पाऊण तास तो डबा बर्फासारखा वारा खात होता, आणि मी स्वतःच्या दूरदृष्टीवर खूश होतो.

एकतिसाव्या मजल्यावर नाटक रंगात आलं होतं. हॅम ओव्हनमधून अर्धं भाजून बाहेर काढलेलं, वर सुरीने तिरक्या रेघा मारलेल्या, प्रत्येक चौकटीत एकेक लवंग टोचलेली.

"दादा, शंकरपाळे छान पाडलेस रे," बायको म्हणाली.

पाहुणे हसले. दादा हसला नाही. "आण तुझं ग्लेझ," म्हणत त्याने डबा घेतला, झाकण काढलं आणि चमचा घातला. म्हणजे घालायला गेला. टण्ण असा आवाज झाला. त्याने डबा उलटा धरला. काही पडलं नाही. त्याने तो सगळ्यांना फिरवून दाखवला, जादूगार रिकामी टोपी दाखवतो तसा.

"अगं, ही चिक्की आहे! संक्रांत पुढच्या महिन्यात असते."

आता सगळेच हसले. बायको हसली नाही. ती सावकाश माझ्याकडे वळली. "गूळ कोणता आणलात?"

मी खिडकीतून खाडी बघायला लागलो. तिथून खाडी फार छान दिसते.

डबा सिंकच्या वरच्या फळीवर गेला. त्याची जागा जणू ठरलेलीच होती. दादाने बॅकअप काढला, परदेशी बाटली, तिच्यावर मॅपलच्या पानाचं चित्र. त्याने ती उंचावरून हॅमवर ओतली, धार सोडत, पाहुण्यांकडे बघून स्मित करत. ही अदा किती भिकार दिसते हे मला तेव्हा समजलं. ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि दादाने ग्लेझच्या इतिहासावर भाषण सुरू केलं. भाषण रंगलं होतं तेवढ्यात ओव्हनच्या फटीतून निळा धूर यायला लागला. दार उघडलं तर बाटलीतलं सगळं पाणचट सोंग तंगडीवरून ओघळून ट्रेमध्ये उतरलेलं आणि तिथे डांबरासारखं जळत होतं. हॅम मात्र कोरं. आंघोळीतून नुकतं बाहेर आल्यासारखं नागडं, गुलाबी, लाजिरवाणं.

"आता?" वहिनी म्हणाल्या. पाहुण्यांच्या हातात बशा होत्या.

बायकोने फळीवरून डबा काढला. उलटा करून ओट्यावर दाणकन आपटला. दुसऱ्या आपटीला पाकाची अख्खी चकती बाहेर पडली, काचेसारखी.

"अगं, पाणी घालून वितळव ना," दादा म्हणाला.

"म्हणजे तुझ्यासारखं ओघळेल. वहिनी, खलबत्ता आहे?"

होता. संगमरवरी, शोभेचा, तळाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. तिने पदर खोचला आणि कुटायला सुरुवात केली. त्या घरात प्रथमच असा आवाज झाला असावा, कारण तिसाव्या मजल्यावरून इंटरकॉमवर विचारणा झाली की टाइल्सचं काम रविवारी कसं चालू. पाच मिनिटांत चकतीचा जाडसर, तांबूस भुगा झाला. तिने तो चिमटीचिमटीने त्या गरम, ओशट तंगडीवर पेरला, शंकरपाळ्यांच्या खाचांमध्ये बोटाने दाबला, आणि दादाला म्हणाली, "ठेव आत. आच पूर्ण वाढव. दार उघडून बघत बसू नकोस."

दादाने ठेवलं. दादाने बघितलं नाही. मी त्याला बहिणीचं ऐकताना पहिल्यांदा पाहत होतो.

दहा मिनिटांनी जे बाहेर आलं, त्यावर लाल-काळी, चमचमती काच चढली होती. सुरी लागली तशी ती तडकन फुटली आणि सगळे एकदम "ओऽऽ" म्हणाले. मीही खाल्लं. हॅमबद्दल सांगायचं तर तो खारवलेला ओला पुठ्ठा आहे. ज्यांना तो आवडतो त्यांनी खुशाल खावा. पण वरचा तो थर! आधी कुर्रकन गोड, मग आमसूल, मग मोहरी नाकात, आणि सगळ्यात शेवटी दादासाठी घातलेल्या दोन मिरच्या. पाहुणे आतलं डुक्कर बशीच्या कडेला सारून कवच वेचत होते.

"हे कसं केलंत?" डोक्यावर गॉगल ठेवलेल्या एका बाईंनी विचारलं.

"ही ओल्ड मेथड आहे," दादाने सुरुवात केली. "ड्राय ग्लेझ. मी हिला फोनवर सांगितलेलं."

बायको हॅम खात नाही. ती भिंतीला टेकून पाणी पीत होती. तिने पेला शांतपणे खाली ठेवला.

"मग गूळ कोणता घ्यायचा ते पण सांग ना त्यांना, दादा."

दादा सुरी पुसायला लागला.

"चिक्कीचा," बायको त्या बाईंना म्हणाली. "साधा चालत नाही. आणि एकतारीवर थांबायचं नाही, पुढे न्यायचा. मग गार करायचा, एसीत. लिहून घ्या हवं तर."

चार बायकांनी आणि एका नवऱ्याने मोबाइल काढून लिहून घेतलं. माझे तीन गुन्हे, ओळीने, पाककृती म्हणून! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

निघताना मी पाणी प्यायला आत गेलो तर दादा सिंकपाशी पाठमोरा उभा होता. एप्रन बांधलेला, हातात आमचा डबा. तळाला चिकटलेला पाक तो सुरीने खरवडत होता आणि तुकडे गालात धरून चोखत होता. गॅलरीत अंडं खाताना असाच दिसत असणार. मला बघून तो दचकला. "टेक्स्चर चेक करत होतो," म्हणाला. मिरचीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने डबा धुतला, पुसला, वरच्या डब्यातून दोन चमचे साखर काढून त्यात घातली आणि बहिणीच्या हातात स्वतः नेऊन दिला.

गाडीत बसल्यावर तिने झाकण उघडलं, साखर बघितली, झाकण लावलं. पुलापर्यंत ती काही बोलली नाही. मला ही शांतता दोन वर्षांपूर्वीच्या शांततेपेक्षा वेगळी वाटली, म्हणून मी जरा सैल बसलो.

"उरलेली ढेप कुठेय?" तिने विचारलं. "सकाळी म्हणालात, साधाच गूळ आहे."

"साधा चालत नाही," मी म्हणालो. "आत्ताच कुणीतरी सांगितलं."

तिने कोपराने माझ्या बरगडीत जे ढोसलं, ते संक्रांतीपर्यंत दुखत होतं. पण ड्रायव्हरने आरशात बघितलं तेव्हा ती हसत होती.