टिचकी न मारता

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणतात, कारण मालक तिचा धाकटा दीर. विमानांचे उंचीमापक तपासून प्रमाणपत्रावर सही करण्याचं काम ती एकवीस वर्षं करते आहे. हे यंत्र जमीन पाहत नाही, हवेचा दाब मोजतं. वर हवा विरळ होते, आतली पातळ धातूची डबी फुगते आणि काटा फिरतो. वहिनी यंत्र काचेच्या हवाबंद पेटीत ठेवते, पंपाने हवा कमीजास्त करते आणि काटा वाचते.

गेल्या मंगळवारी ग्लायडर उडवणारा एक निवृत्त शिक्षक आपलं यंत्र घेऊन आला. उतरताना काटा दोनशे फूट दाखवत होता आणि झाडांचे शेंडे मात्र चाकाला लागायच्या बेतात होते, अशी त्याची तक्रार. आधी डोळे तपासून घ्या, म्हणून दिराने त्याची फिरकी घेतली. वहिनीने यंत्र पेटीत लावलं. आकडे चोख आले.

मग तिचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे गेलं. प्रत्येक आकडा वाचण्याआधी ती पेटीला टिचकी मारत होती. अडकलेला काटा तेवढ्याने सुटतो. इंजिनाच्या विमानात थरथर हेच काम करते, म्हणून ही सवय कधी कुणाला खटकली नाही. ग्लायडरला इंजिनच नसतं. तिने टिचकी न मारता पेटीत हळूहळू हवा सोडून उंची पुन्हा उतरवली. काटा खऱ्या उंचीपेक्षा एकशे तीस फूट वरच अडकून राहिला.

ग्लायडरची आणखी पाच यंत्रं तिने यंदा पास केली होती. ती सगळी परत मागवायची, असं तिने सांगितलं. दीर वैतागला. याच एकाची दुरुस्ती करून गप्प बसू, नियमात टिचकीला मनाई कुठे आहे, असं त्याचं म्हणणं.

"वहिनी, आपल्याच पायावर धोंडा कशाला? अजून कुणी पडलेलं नाही."

"पडल्यावर कुणाला कळवू, भावोजी?"

तिने पाचही जणांना फोन केले, चूक आपली आहे असं स्पष्ट सांगितलं आणि तेच लेखी पाठवलं. पत्रांवर शिक्का द्यायला दिराने नकार दिला होता. पत्रं बिनशिक्क्याचीच गेली.

शनिवारपर्यंत तीन यंत्रं आली. दोघांनी रविवारचं उड्डाण होऊ द्या, मग पाठवतो, म्हणून टोलवलं. तपासणीला दीर शेजारी उभा राहिला, हाताची घडी घालून. पहिला काटा नीट उतरला. दुसरा अडकला. तिसराही अडकला.

त्याने उरलेल्या दोघांचे नंबर मागितले आणि तिथेच फोन लावला.

"मालक बोलतोय. उद्या उडू नका. यंत्र आमच्याकडून चुकीचं पास झालंय."