वर्गात गाळलेली पानं

लोकांची थुंकी, लघवी आणि शौच तपासून मी पोट भरते. कराडात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. या कामाची मला कधी किळस आली नाही. ती आली एका नीटनेटक्या हॉलमध्ये, पुस्तकावर बोलणाऱ्या चार सुशिक्षित माणसांत बसले असताना.

तिथवर कशी पोचले ते आधी सांगते. आम्ही धनगर, कवठे महांकाळकडचे. दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला यायचे, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचे. मी मामांकडं राहून शिकले. शिकले म्हणजे काय, गाइड पाठ केलं. ‘लेखकाला काय सांगायचे आहे?’ याचं उत्तर गाइडात तयार असायचं. लेखकाला खरोखरच काही सांगायचं असेल, अशी शंकाही मला कधी आली नाही.

नोकरी लागल्यावर हाताला काम होतं, पण डोकं रिकामं वाटायचं. आणखी परीक्षा द्यायचा वैताग आला होता. वाचनालयात जुन्या, नावाजलेल्या कादंबऱ्यांचं एक कपाट आहे. ते वाचायचं ठरवलं. पहिली काही पुस्तकं भराभर वाचली आणि तितक्याच भराभर विसरले. मग एक कादंबरी परत घरी आणली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्या वेळी गोष्ट माहीत असते, त्यामुळं पुढं पळायची घाई नसते. कोण खोटं बोलतंय, कुणाला बोलूच देत नाहीत, हे तेव्हा दिसायला लागतं. एक प्रकरण झालं की मी कृष्णा-कोयनेच्या संगमावर फिरायला जायची आणि मनाशी विचारायची, हे जे कळलं ते लेखकानं सांगितलं की कुणा पात्रानं? हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वाचता वाचताच ते सुचत गेलं आणि त्यात फार सुख होतं.

वाचनालयातच मॅडम भेटल्या. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या.

“अगं, हे तू मागं नेलं होतंस ना?” त्यांनी विचारलं.

“हो. परत वाचायचंय.”

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला त्यांच्या वाचन गटात यायचं आमंत्रणच दिलं. रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि एका जुन्या कादंबरीवर बोलायचं. मला आपली कुणी दखल घेतली याचं अप्रूप वाटलं. त्या रविवारची कादंबरी मी पुन्हा पुन्हा वाचून गेले.

कादंबरी कृष्णाकाठचीच होती. नायक पाटलाचा मुलगा. मेंढरं घेऊन आलेली एक तरुण धनगरीण त्याला उसाच्या बांधावर भेटते. आधी कोवळं ऊन, उसाचे तुरे, पाटाचं पाणी, असं लांबलचक वर्णन. मग उसात जे व्हायचं ते होतं. पुढच्या प्रकरणात तो मित्रांना सांगतो, की जाताना ती हसत होती.

बैठक साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांच्या घरी होती. सुरुवात त्यांनीच केली. “काय मोकळी बाई रंगवलीय! आपल्या घरंदाज बायकांत हा मोकळेपणा शोधून सापडणार नाही.” सगळे हसले. साहेबांच्या मिसेसही हसल्या.

मी म्हणाले, “पण ती हसते कुठं?”

“म्हणजे? हसत गेली असं लिहिलंय की.”

“ते तो सांगतो. मित्रांबरोबर दारू पिताना. उसाच्या प्रकरणात ती एकदाच बोलते, ‘वाट सोडा’ म्हणते. त्यानंतर तिच्या तोंडी एक शब्द नाही. तुम्ही ते पान काढून बघा ना.”

साहेबांसमोर पुस्तकच नव्हतं. “मी सारांश ऐकला मोबाईलवर,” ते म्हणाले. “कॉलेजात असताना वाचलीच होती.”

“त्यानं तिच्यावर बळजबरी केलीय,” मी म्हणाले.

मग साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “असा शब्दाशब्दाचा कीस काढला तर साहित्य शिल्लक राहील का? तुम्हा लोकांना हल्ली सगळीकडं अन्यायच दिसतो.”

तुम्हा लोकांना. माझं आडनाव त्यांनी आल्याआल्याच विचारून घेतलं होतं.

मिसेस लगबगीनं उठल्या आणि बासुंदीच्या वाट्या आल्या. माझ्या वाटीवर जाड साय होती. साहेबांनी त्यांची वाटी बोटानं निपटून घेतली, ते बोट चोखलं आणि पुढच्या रविवारी काय वाचायचं ते विचारलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं. वाटी तशीच ठेवून मी निघाले.

मॅडम माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या. हात धरून म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे हं.”

मला एकदम रडूच आलं. एक तरी माणूस आपल्या बाजूचं निघालं असं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, “ही कादंबरी आमच्याकडं नेमलेली होती. किती वर्षं शिकवली! ते उसाचं वर्णन मी वाचून दाखवायचे आणि पुढची पानं गाळून थेट पुढच्या प्रकरणावर जायचे. मुली असायच्या ना वर्गात.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, न कळण्यासारखं काय आहे त्यात?”

“मग आत्ता आत का नाही बोललात?”

त्यांनी पदर सारखा केला. “त्यांच्या घरी बसलो होतो आपण. त्या बिचारीनं सकाळपासून दूध आटवलं होतं.”

मी त्यांच्या हातातून माझा हात सोडवून घेतला. साहेबांना निदान वाचताच येत नव्हतं. या बाईंना येत होतं. घरी येऊन मी हात धुतला, आणि आपण हात धुतोय हे कळल्यावर आणखीच कसंतरी झालं.

पुढच्या सुट्टीत पुस्तक घेऊन मी गावी गेले. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळं मेंढरं विकून आता ती घरीच असते. तिला वाचता येत नाही. दुपारी ती मटकी निवडत होती. मी शेजारी बसून ते प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले. वर्णन तिला आवडलं. “व्हय, तुरं असंच चमकत्यात,” म्हणाली. पण पुढं गेले तसे तिचे हात थांबले.

“बंद कर ते.”

“ऐक की, आई.”

“बंद कर म्हन्ते न्हवं! आमच्या तळावरच्या एका बाईसंगं असंच झालं. सकाळी तळ हालवला, म्होरल्या गावाला गेलो. कुणी काय बोललं न्हाई. आमी ते इसरायला लय वरसं घालवली, आन तू मुद्दाम आनून वाचतीस?”

“मग ती बाई?”

“ती चालत हुती की सगळ्यांसंगं. न चालून जाती कुठं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “हसली हुती का गं ती?”

आईनं माझ्याकडं पाहिलं. पायाला घाण लागल्यावर माणूस बघतो तसं. “ह्ये इच्यारायला शिकलीस व्हय तू?”

“तसं पुस्तकात लिवलंय.”

“मग लिवणाऱ्याला इच्यार. मला काय इच्यारतीस?” तिनं परात उचलली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी भाकरी थापताना तिनंच विषय काढला.

“म्होरं काय हुतं त्या बाईचं?”

“म्होरं ती येतच न्हाई.”

“कवाच?”

“कवाच न्हाई. पुस्तक लय मोठं हाय, पर ती परत येत न्हाई.”

आई उठली, दाराबाहेर जाऊन थुंकली आणि परत येऊन भाकरी उलथली.

मी ती कादंबरी त्यानंतर आणखी एकदा वाचली. लेखकाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. ‘वाट सोडा’ हे शब्द त्यानंच तिच्या तोंडी घातलेत आणि ते हसू एका झिंगलेल्या माणसाच्या तोंडी. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मग इतक्या जाड पुस्तकात तिला पुन्हा एकदा यायला जागा का दिली नाही? ऊन आणि तुरे त्यानं फार सुंदर लिहिलेत, आणि आता मला ते सौंदर्यच वाचवत नाही. तरी कपाटातली पुस्तकं मी वाचतेच आहे. जुनं म्हणून, थोर म्हणून हात जोडायची सवय मात्र गेली. एवढं शिक्षण त्या एका प्रकरणानं मला दिलं.

गटात पुन्हा गेले नाही. मध्यंतरी वाचनालयात मॅडम समोर आल्या.

“हल्ली येत नाहीस? रागावलीस का आमच्यावर?”

“राग नाही, मॅडम,” मी म्हणाले. “किळस आली.”

त्या हळू आवाजात, कुणी ऐकत नाही ना ते बघून, म्हणाल्या, “इथं असं मोठ्यानं बोलू नये गं.”

मी माझं पुस्तक घेतलं आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसले.