दही का लागेना

जिवाणूंना मारणारे विषाणू मी एम.एस्सी.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे एका श्रीखंडाच्या डेअरीत नोकरी लागली, तेव्हा वाटलं, आता जन्मभर दुधात पाणी किती हेच मोजायचं. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. लॅब म्हणजे कोठाराशेजारची खोली आणि खिडकीत एक जुना मायक्रोस्कोप. त्याला दिवा नव्हता. आरसा उन्हाकडे वळवायचा आणि ढग आला की हात चोळत बसायचं.

दसऱ्याला दोन आठवडे उरले असताना आमचं दही लागेनासं झालं. रात्रभर विरजलेली पातेली सकाळी उघडावीत, तर बहुतेकांत नुसतं पातळ दूध. एखाद-दुसऱ्यात लागलेल्या दह्याचा चक्का बांधणार तरी किती? उरणचे मिठाईवाले आणि तळोज्याचे कॅन्टीनवाले फोनवर फोन करत होते. शेठनी दोन दिवसांत गुन्हेगार शोधला: चक्क्याची फडकी धुणारी बाई, डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. ती पाळीच्या दिवसांत कामाला आली होती, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"विटाळाचा हात लागला, दुसरं काय!" म्हणून त्यांनी तिला कामावरून काढलं.

तिचा नवरा वीटभट्टीवर होता, आणि भट्टी पावसानंतर अजून पेटली नव्हती. घर तिच्या कामावर चाललं होतं. ती लॅबच्या दाराशी आली. "बाई, तुमी शिकल्याल्या. माज्या हातानं दूद नासतं का वो?"

माझं डोकंच फिरलं. "नाही," मी म्हटलं. "चार दिवस दे मला."

बोलून तर बसले. मग विचार करायला लागले. शेठच्या बायकोनं त्याच दुधाला घरचं विरजण लावलं, की दही छान लागत होतं. म्हणजे दूध चांगलं होतं, मरत होतं ते डेअरीचं विरजण. तेही कसं, तर तास-दीड तास आंबट होत जायचं आणि मग जागच्या जागी थांबायचं. आणि मला माझं पाठांतर आठवलं. विषाणू जिवाणूत शिरतो, आत आपली पिल्लावळ वाढवतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. माझ्या मायक्रोस्कोपमधून विषाणू दिसणं शक्यच नव्हतं, तो फारच लहान. पण फुटलेले जिवाणू तर दिसले असते.

कॉलेजातून मी जिवाणू अडवणारी पण विषाणू सोडणारी बारीक गाळणी मागून आणली आणि चक्क्यातून गळलेली निवळ गाळून घेतली. लॅबमध्ये बंद बाटलीत राखलेल्या मूळ विरजणाचे जिवाणू तीन नळ्यांत वाढायला ठेवले. पहिलीत काही घातलं नाही, दुसरीत ती गाळलेली निवळ, तिसरीत तीच निवळ, पण विषाणू मरावा म्हणून चांगली उकळून. दर दहा मिनिटांनी प्रत्येकीतला थेंब काचेवर पसरायचा, निळा रंग द्यायचा आणि बघायचं. अर्धा तास तिन्हींत सारखंच दिसलं, निळ्या मण्यांच्या माळा. मग दुसऱ्या नळीतले मणी फिकट झाले. पुढच्या काचेवर माळा तुटलेल्या होत्या. त्यानंतरच्या काचांवर नुसता निळसर गाळ उरला. बाकी दोन्हींत माळा वाढतच होत्या. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

पण निवळ विरजणात गेली कशी? दुसऱ्या दिवशी मी नुसती बघत उभी राहिले. शेठ रोज चक्क्याची पोटली स्वतः दाबून बघायचे, हात पंच्याला पुसायचे आणि त्याच हातानं विरजणात पळी घालायचे. त्या भांड्याला इतरांनी शिवायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. मी पळी धुतली, ते पाणी गाळून चौथ्या नळीत घातलं. तिथलेही जिवाणू फुटले. आता मी शेठना बोलावलं.

त्यांनी डोळा लावला. "हे काळं काळं, केसाळ?"

"ती तुमची पापणी. जरा मागे व्हा."

मग त्यांना माळा दिसल्या, आणि दुसऱ्या काचेवर माळांची झालेली दैना. निवळीतला विषाणू हे करतो, असं मी त्यांना सांगितलं. "मग हे विरजणात घातलं कुणी?"

"तुम्ही. तुमच्या पळीनं." मी पहिल्या नळीतल्या जिवाणूंनी विरजलेली वाटी त्यांच्यासमोर उपडी धरली. दही पडलं नाही. "हे मी लावलंय. आणि आज माझा पाळीचा दुसरा दिवस आहे."

घरी वडिलांसमोरसुद्धा हा शब्द मी कधी काढला नव्हता. शेठ कानापर्यंत लाल झाले आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळी डेअरीचा टेम्पो तिला आणायला ठाकरवाडीला गेला.

सगळी भांडी उकळली, घरचं विरजण आणलं, चक्का अंगणापलीकडच्या खोलीत हलवला. चक्क्याच्या खोलीत जाणाऱ्यानं विरजणाला हात लावायचा नाही, असा नियम मी केला. शेठना चक्का सोडवेना. मग विरजण लावायला मी तिचं नाव सांगितलं, आणि फडकी धुण्याचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं.

दसऱ्याच्या मालासाठी दूध विरजायची संध्याकाळ आली. बारा पातेली ओळीनं मांडलेली, सगळ्या बायका जमलेल्या, शेठ दारात. तिनं उकळलेली पळी उचलली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "शेट, आज माजी पाळी हाय. इरजान लावू का घरी जाऊ?"

चुकलं असतं तर दसरा बुडाला असता आणि ती कायमची गेली असती. शेठनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्यांकडे पाहिलं.

"लाव," ते म्हणाले.

सकाळी मी धावतच गेले. ती माझ्याआधी येऊन एकेक झाकण काढत होती. शेवटचं पातेलं तिनं माझ्याकडे तिरकं केलं. दही जागचं हललं नाही.

"लागलं!" ती अख्ख्या डेअरीला ऐकू जाईल अशी ओरडली, आणि तिच्या जोडीनं मीही ओरडले.