पेंटरचं न मोडलेलं अक्षर

“माणूस मोडला तर पुन्हा उभा राहतो. अक्षर मोडू नये.”

पेंटर हे इतक्या वेळा म्हणायचे, की समोरच्या दुकानातला शिंपी त्यांच्या तोंडून अर्धं वाक्य यायच्या आत उरलेलं अर्धं म्हणून मोकळा व्हायचा. पेंटर हसायचे नाहीत. पाट्या रंगवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला अक्षराची थट्टा सोसत नाही.

खरं तर पेंटर आता नावालाच पेंटर उरले होते. छापील फ्लेक्स आले, ब्रश डब्यात वाळून काठीसारखे झाले, आणि पेंटरांनी खुर्ची ओढून संगणक पुढ्यात घेतला. शिकवायला कुणी नव्हतं. पडत, चुकत, पुन्हा पुसत ते चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर शिकले. मग त्यांनी एक काम हाती घेतलं, ज्याचे पैसे कुणी देणार नव्हतं. ब्रशने काढायचे ती आपली अक्षरं त्यांनी कागदावर मोठी मोठी काढली, ती यंत्रात घेतली आणि माऊसने एकेकाच्या कडा गिरवत बसले. बायको म्हणायची, “अहो, त्या पेटीशीच लग्न लावा एकदाचं. मी करवली म्हणून उभी राहते.” पेंटर मान वर न करता म्हणायचे, “थांब, या काठाचा पोटफुगवटा जरा काढतो.”

असं कितीतरी वर्षांनी त्या अक्षरांचा फॉन्ट झाला. बोटाने कळ दाबावी आणि पडद्यावर पेंटरच्या हातचं अक्षर उमटावं. त्याची शिरोरेषा सरळ नव्हती, किंचित झोळ घेतलेली होती, ओले कपडे टाकल्यावर दोरी घेते तसा. आमच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्या झोळाखाली उभ्या आहेत. दूधवाला, कुलूपवाला, दातांचा डॉक्टर, सगळे एका हातचे. बाहेरगावचा माणूसही रस्त्याच्या टोकाला उभा राहून म्हणेल, की ही सगळी एका घरची भावंडं दिसतात.

या धंद्यात एक रीत आहे. चित्र पुरं झालं की अक्षरं कर्व्ह करायची. म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, नुसत्या रेषांचा आकार होतो. मग ते कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं उघडतं, फॉन्ट असो वा नसो. पण त्यातला शब्द पुन्हा टाईप करून बदलता येत नाही. सगळे कर्व्ह करतात. पेंटरांनी कधी केलं नाही. त्यांच्या मते ते अक्षर मोडणं होतं. छापणाऱ्याकडे ते पाटीचा फोटोसारखा ठसा तेवढा पेनड्राइव्हवर नेत, छापून झाला की तिथेच उभं राहून पुसायला लावत, आणि आपलाही पेनड्राइव्ह कोरा करून खिशात टाकत. “फॉन्ट द्या की, तुमचे हेलपाटे वाचतील,” असं छापणारा म्हणायचा. पेंटर म्हणायचे, “हात मागशील का कधी माझा? तसंच हे.”

यंत्र म्हातारं झालं. पंखा मळणीयंत्रासारखा धडधडायला लागला, काम चालू असताना पडदा निळा होऊन बसायचा. पेंटरांची लेक एका कारखान्याच्या कचेरीत संगणक सांभाळायची. ती सुट्टीला घरी आली आणि म्हणाली, “बाबा, नवं विंडोज या यंत्राला पेलायचं नाही. मी त्याच्या जागी लिनक्स टाकून देते. हलकं असतं, फुकट असतं, अजून चार वर्षं ओढेल.”

“माझं सॉफ्टवेअर चालेल?”

“ते विंडोजचं आहे. पण सोय आहे. वाईन म्हणून एक प्रोग्रॅम असतो.”

“ह्या वयात यंत्राला दारू पाजतेस?” दारात उभा असलेला शिंपी म्हणाला.

“दुभाष्या आहे काका तो,” लेक म्हणाली. “बाबांचं सॉफ्टवेअर विंडोजच्या भाषेत बोलतं. लिनक्सला ती कळत नाही. हा मधे बसून इकडचं तिकडे सांगतो.”

“मधे बसणाऱ्यावर माझा विश्वास नाही,” पेंटर म्हणाले. पण लेकीचं मन मोडवेना. तिने त्यांची सगळी चित्रं एका डिस्कवर काढून घेतली, जुनं सगळं पुसलं, नवं घातलं. पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडलं ते बंद पडलं. पुन्हा उघडलं, तर रंगांचे चौकोन काळे ठिक्कर. लेक कुठे कुठे वाचायची, काही लिहायची, पुन्हा उघडायची. तिच्या मानेला कळ लागली, पेंटरांचे डोळे चुरचुरले. चहा गार होत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी पडदा स्वच्छ उघडला. तीच पांढरी पाटी, तीच हत्यारांची उभी रांग, तोच माऊस, थोडासा अडखळणारा, जणू ओळखीच्या घरात नवी सून वावरते आहे.

“चाललं की गं!” पेंटर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता.

त्याच आठवड्यात वाऱ्याने शिंप्याची पाटी खाली आली आणि दुभंगली. तो येऊन म्हणाला, “पेंटर, नवी करून दे. पण अक्षर तेच पाहिजे हां. गिऱ्हाईक दुकान नाही बघत, अक्षर बघतं.”

“दोन मिनिटांचं काम,” म्हणत पेंटरांनी शिंप्याचं चित्र उघडलं.

कात्री आली. सुईदोरा आला. किनार आली. आणि जिथे शिंप्याचं नाव होतं तिथे कंस, आकडे, प्रश्नचिन्हं, परकी अक्षरं, रांग फुटलेल्या मुंग्यांसारखी पसरलेली. पेंटरांनी दूधवाल्याचं उघडलं. तेच. डॉक्टरचं उघडलं. तेच. पाटीवरच्या चित्रातला दात तेवढा हसत होता.

“दुभाष्याने घोटाळा केला बघ,” पेंटर म्हणाले.

लेक खुर्चीत वाकली. तिने दोन ठिकाणी पाहिलं आणि तिचा हात थांबला. “बाबा, तुमचा फॉन्ट कुठे ठेवला होतात?”

“यंत्रात.”

“चित्रांच्या बरोबर?”

“ते मला काय माहीत. कळ दाबली की यायचा.”

“वेगळा काढून कुठे ठेवला नाहीत?”

“स्वतःचा आवाज कुणी वेगळा काढून ठेवतं का?”

चित्रं होती तिथून लेकीने काढली होती. फॉन्ट विंडोजच्या पोटात होता, आणि ते पोट तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं. दुभाष्या बिचारा ठीक होता. बोलायला शब्दच उरले नव्हते, तर तो काय सांगणार?

पुसलेलं हुडकून काढणारे प्रोग्रॅम तिने लावून पाहिले. फाटक्या चित्रांचे तुकडे निघाले, कुण्या जुन्या हिशेबाची शेपटं निघाली. फॉन्ट निघाला नाही. छापणाऱ्याकडे जाऊन आली. तो म्हणाला, “ताई, तुमच्या वडिलांनी इथे कधी काही राहू दिलंय का?”

पेंटर रागावले असते तर लेकीला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. बंद पडद्यापुढे खुर्चीवर बसून राहिले. बायकोने जेवायला हाक मारली, तर म्हणाले, “येतो,” आणि उठलेच नाहीत. बायको लेकीला आत नेऊन म्हणाली, “ओरडायला सांग त्यांना. एकदा ओरडले की जेवतील.”

लेक बाहेर आली. “बाबा, ओरडा ना माझ्यावर.”

“तुझ्यावर कशाला? मी कर्व्ह केलं असतं तर सगळं जागच्या जागी असतं.” मग म्हणाले, “आता पुन्हा गिरवायला बसायचं म्हणजे... हात कापतो गं. जुनं मनातलं अक्षर आता हातात उतरत नाही. थकलो मी.”

सकाळी शिंपी आला. गळ्यात टेप, काखेत दुभंगलेली पाटी. ती त्याने पेंटरांच्या पायाशी भिंतीला टेकवून ठेवली.

“हे घे तुझं अक्षर. मोडलंय, पण आहे.”

पेंटर बघत राहिले. मग हळूच वाकून त्यांनी त्या दोन फळ्या जुळवल्या. झोळ घेतलेली शिरोरेषा फटीवरून पलीकडे गेली.

“बाजारात भिंतीभिंतीवर पडलाय तुझा तो कोण फॉन्ट,” शिंपी म्हणाला. “आणि तू इथे सुतक धरून बसलास.”

“मी फोटो काढून आणते,” लेक घाईने म्हणाली.

“खालून काढलेल्या फोटोत अक्षर मान टाकतं. कागद ठेवून वरून गिरवून घ्यायला हवं.” पेंटरांनी कपाटातून बटर पेपरची गुंडाळी काढली, जाड पेन्सिल घेतली आणि जमिनीवर बसून पाटीवरचं पहिलं अक्षर गिरवलं. हात पोटफुगवट्यापाशी कापला. खालच्या खऱ्या रेषेने त्याला धरून पुढे नेलं.

“सगळी मिळतील का हो, बाबा?”

“ज्ञ नाही मिळायचं. या बाजारात ज्ञान विकणारं दुकान नाही एकही.”

शिंपी खो खो हसला. पेंटर नाही हसले. गुडघ्यावर हात देऊन उठले, कागदाची गुंडाळी काखेत मारली, छोटी शिडी खांद्याला लावली. दारात थांबून, लेकीकडे न बघता म्हणाले, “आणतो तशी एकेक यंत्रात घे. आणि या खेपेला सगळी चित्रं कर्व्ह करून ठेव. फॉन्टही ठेव दहा ठिकाणी. छापणाऱ्यालाही देऊन टाक एक.”

“पण पेंटर, अक्षर मोडू नये ना?” शिंप्याने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“मोडू दे,” पेंटर म्हणाले. “राहिलं म्हणजे झालं.”

आणि ते दूधवाल्याच्या पाटीकडे चालू लागले. शिडी एका बाजूला झुकलेली, चाल तिच्याहून जास्त झुकलेली. मधे एकदा त्यांनी खांदा बदलला. शिंपी दारात टेप बोटाला गुंडाळत उभा होता. आतून बायको ताट झाकून बाहेर आली होती. लेक बटर पेपरवर गिरवलेलं पहिलं अक्षर दोन्ही हातांत उजेडाकडे धरून, त्या पातळ कागदातून बापाची पाठ लहान होत जाताना बघत होती.