नदीच्या वरचे काका, नदीच्या खालच्या काकू

हॉस्पिटलातली नोकरी संपली, तेव्हा बाकीच्या नर्सनी काकूंना विचारलं, "आता काय, आराम?"

"छे! एम.ए.," काकू म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. पण काकूंनी खरंच जाऊन मानवी हक्क आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाला नाव घातलं. वॉर्डात पेशंटच्या वतीने उभी हयात भांडल्यावर तेच भांडण कायद्याच्या भाषेत कसं करतात, हे त्यांना शिकायचं होतं. वर्गातली पोरं त्यांना पहिल्याच दिवशी काकू म्हणायला लागली, आणि त्यांनीही पहिल्याच दिवशी दोघांना नखं कापून यायला सांगितलं.

पुढच्या वर्षी त्याच वर्गात काका येऊन बसले. काका म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त सर्व्हेअर. धाकटी जाऊ म्हणाली, "भावजी पाळत ठेवायला गेले." शेजारीण म्हणाली, "तिनेच ओढत नेलं असणार." दोघींना काय कळतंय! खरी गोष्ट अशी की काकू रोज नवेनवे शब्द घेऊन घरी यायच्या. टीव्हीचा रिमोट मागितला तर म्हणायच्या, "हा माझ्या सार्वभौमत्वावर घाला आहे." भांडणात हरायची काकांना सवय होती, पण शब्द न कळता हरायचं म्हणजे फारच झालं.

काकूंचा एक पेपर राहिला होता. पेपर म्हणजे दिवसभराच्या वाटाघाटी. अर्धा वर्ग एक देश, अर्धा वर्ग दुसरा देश. पाच वाजेपर्यंत करार झाला तर सगळे पास, नाहीतर सगळेच नापास. गेल्या वर्षी काकूंनी समोरच्या देशाच्या प्रतिनिधीला असं काही झापलं होतं, की तो बिचारा डबा उचलून निघून गेला आणि दोन्ही देश आडवे झाले. यंदाची संधी शेवटची. तिकडे रुग्णांना मोफत सल्ला देणाऱ्या एका केंद्राने काकूंसाठी खुर्ची अडवून ठेवली होती, पण पदवी हातात पडल्याशिवाय बसू देणार नव्हते. त्या खुर्चीवर टाकायची उशीसुद्धा काकूंनी शिवून ठेवली होती.

आणि मॅडमनी, म्हणजे काकूंच्या लेकीपेक्षा लहान असलेल्या प्राध्यापिकेने, नेमकं काय करावं? नदीच्या वरच्या अंगाच्या देशाचे प्रमुख केलं काकांना आणि खालच्या अंगाच्या देशाच्या प्रमुख काकूंना. वर धरण, खाली पाण्याची बोंब. दोन्ही शिष्टमंडळांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन मॅडमनी ज्यांच्या त्यांच्या अटी तोंडी सांगितल्या आणि मग सगळ्यांना एकत्र बसवून बजावलं, "सभागृहाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. विशेषतः तुम्ही दोघांनी."

सकाळी काकूंच्या बाजूची पोरं खुशीत होती. "काकू, तुम्हाला तर काकांची नाडीन् नाडी ठाऊक!"

"म्हणजे काय! हे नमायला आले की आधी कान खाजवतात. कानावर नजर ठेवा."

झालं! दुपारपर्यंत अख्खं शिष्टमंडळ एका माणसाच्या कानाकडे टक लावून बसलं. काकाही काही कच्चे नव्हते. बायको काय बघतेय हे त्यांनी ओळखलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. कान लालेलाल झाला तरी हात बाहेर निघेना.

"उन्हाळ्यात पाणी सोडा," काकू म्हणाल्या.

"शक्य नाही."

"मग पावसाळ्यातला गाळ तुमचा तुम्ही घ्या."

"मुळीच नाही."

"अहो, निदान..."

"महोदया, 'अहो' नाही. माननीय प्रतिनिधी."

सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. काकू मात्र चिडल्या. हा माणूस मुद्दाम अडवतोय, घरातलं उट्टं इथे काढतोय, अशी त्यांची खात्रीच पटली. जेवणाच्या सुट्टीतही दोघं दोन टोकांना पाठ करून बसले. काकांना डब्याचं झाकण उघडेना, तरी काकू उठल्या नाहीत. शेवटी एका पोरीने उघडून दिलं.

चार वाजून गेले. काकूंच्या शेजारची मुलगी रडकुंडीला आली. "काकू, माझी शिष्यवृत्ती जाईल हो. काहीतरी करा ना."

"करू काय? मी ओळखते ना यांना. एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी..."

"पण काकू, हे ते नाहीयेत ना. हे तर दुसऱ्या देशाचे."

काकूंनी समोर पाहिलं. मांडीखाली हात घालून बसलेला तो टकलू गृहस्थ कुणी परका असता तर आपण पहिल्यांदा काय केलं असतं? नावगाव, विचारपूस. आणि यांना? सकाळपासून एक प्रश्न विचारला नव्हता. यांना कशाला विचारायचं? उत्तर आपल्याला ठाऊकच!

त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला.

"माननीय प्रतिनिधी, तुमच्या देशाला आमच्याकडून नेमकं काय हवंय?"

काकांचे दोन्ही हात एकदम बाहेर आले. "धरणात आमची गावं बुडाली. तिथली माणसं तुमच्या हद्दीत येऊन राहिली आहेत. त्यांना तुमच्याकडे ना ओळखपत्र, ना शाळा, ना दवाखाना. त्यांना ते द्या. पाणी हवं तेवढं घ्या."

"दवाखाना?" काकू उभ्याच राहिल्या. "अहो, दवाखाना तर मी सकाळी साडेनऊलाच दिला असता!" मग भान येऊन त्यांनी आपल्या पोरांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना जोरजोरात हलत होत्या. मॅडमनी दिलेल्या अटींत ते बसत होतं.

मसुदा लिहायला अशी धांदल उडाली, की कुणी खुर्चीवर बसून लिहीना. पाचला काही मिनिटं उरली असताना तो टेबलावर आला. पोरं टाळ्या पिटत होती, मॅडम घड्याळाकडे बघत हसत होत्या. काकू कागदावर वाकल्या आणि दात आवळून हळूच म्हणाल्या, "सकाळीच बोलायला काय झालं होतं?"

"मॅडमनी सांगितलं होतं, हा विषय आपणहून काढायचा नाही, कुणी विचारलं तरच सांगायचं," काका पुटपुटले. "तू कधी विचारतेस याचीच वाट बघत होतो."

"तू नाही, महोदया म्हणा," काकू म्हणाल्या आणि पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "अजून सही व्हायचीय."