लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं जर्मन

अमडापूरला चुलतभावाकडे सोयरिकीच्या बोलणीला बसलो होतो. पोहे संपले होते, चहा यायचा होता, आणि मुलाचे मामा आपल्या शेताला कुणीकडून रस्ता आहे ते मला समजावून सांगत होते. जमीन मोजणीच्या खात्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असल्या गोष्टी लोक मलाच सांगतात. तेवढ्यात जानेफळहून शेजारच्या किशोरचा फोन आला. ‘‘भाऊ, तुमी निंगा तिथून,’’ एवढंच म्हणाला. काय झालं विचारलं तर म्हणाला, ‘‘वहिनीले मेहकरले नेऊन राह्यलो आमी… तुमी निंगा.’’ मेहकरला पोचलो तेव्हा किशोर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता, चपला बाजूला काढून. त्याला तसं बसलेलं पाहिलं आणि मला काही विचारावंसं वाटलं नाही. छातीत दुखतंय म्हणून सांगितल्यापासून तासाभराच्या आत सुमन, माझी बायको, गेली होती. आज सात आठवडे झाले.

सुमन एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. जानेफळमधल्या आज मिशा फुटलेल्या निम्म्या पोरांची वजनं तिनं कधी ना कधी केली आहेत, आणि त्यांची लग्नं ठरली की पहिली पत्रिका आमच्या घरी येते. आम्हाला एकच मुलगी, प्रणाली. ती नर्स झाली, पुण्यात जर्मन शिकली आणि जर्मनीतल्या एका दवाखान्यात लागली. तिथंच बरोबर काम करणाऱ्या केरळच्या मुलाशी तिनं लग्न केलं. जावई गुणाचा आहे, पण त्याला मराठी येत नाही आणि तिला मल्याळम येत नाही. मग त्यांच्या घरात चालली ती जर्मन. नात झाली तारा, तिच्या तोंडीही तीच बसली. प्रणाली तिच्याशी मराठी बोलायची, पण ड्युटीवरून दमून आलेली आई किती बोलणार? पोर ऐकायची मराठीत आणि उत्तर द्यायची जर्मनमध्ये.

तारा बोलायला लागली तेव्हाची गोष्ट. व्हिडिओ कॉलवर ती आजीकडे बघून काहीतरी लांबलचक सांगत होती, हातवारे करत. सुमन नुसती हसत होती. मग प्रणालीनं सांगितलं, ‘‘आई, ती म्हणते तिला गोगलगाय दिसली.’’ सुमननं फोन ठेवला. मग म्हणाली, ‘‘माही नात माह्यासमोर बोलते अन् ती काय बोलली थे मले दुसऱ्यानं सांगा लागते. मधात माणूस काऊन पायजे?’’ मी म्हटलं, ‘‘मंग आता शिक जर्मन.’’ टिंगलच केली होती मी. ती म्हणाली, ‘‘हाव, शिकतो.’’ आणि माझ्या नव्या बुटांचा खोका तिनं बूट बाहेर काढून ताब्यात घेतला.

पद्धत प्रणालीची होती. पुण्याच्या क्लासमध्ये तिनं अशीच शब्दांची खोकी केली होती. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. खोक्याला पाच कप्पे. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, तो रोज विचारायचा. आला की दुसऱ्यात, तो दोन दिवसांआड. मग आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी, आणि शेवटच्या कप्प्यातला महिन्यानं. कुठंही चुकला की त्याची रवानगी थेट पहिल्यात. शब्द विसरायच्या बेतात असतो नेमकं तेव्हाच त्याला गाठायचं, म्हणजे तो पक्का होतो, असं प्रणालीनं फोनवर समजावलं. मला ते काही पटलं नाही. सुमनला मात्र एका मिनिटात कळलं. ‘‘हे तं माह्या पोरायचंच वजन हाय,’’ ती म्हणाली. अंगणवाडीत वाढीच्या तक्त्यावर जे पोर लाल रेषेखाली असेल त्याच्याकडे ती रोज चक्कर टाकायची, पिवळ्याकडे अधूनमधून, आणि हिरव्यातल्या बाळसेदार पोराला महिन्यातून एकदा काट्यावर चढवलं की भागायचं. तिनं पहिला कप्पा लाल खडूनं रंगवला, शेवटचा हिरव्यानं. शब्द चुकला की म्हणायची, ‘‘घ्या, पोरगं वाळलं.’’

चिठ्ठ्यांसाठी तिनं साठवलेल्या लग्नपत्रिका कापल्या. दोन तुकडे खळीनं छापील बाजू आत करून चिकटवायचे, म्हणजे कोऱ्या बाजू वर येतात. तरी कडेनं कुठं ‘आपले नम्र’ नाहीतर ‘आमच्या काकाच्या लग्नाला’ डोकावायचंच. जर्मन ती देवनागरीतच लिहायची. उच्चार प्रणालीकडून फोनवर ऐकायचे, स्वतः दहादा म्हणायचं, मग पेनानं उतरवायचे.

आणि विचारणारा मी. स्वतःचं स्वतः विचारलं तर हात चिठ्ठी लवकर उलटतो, अशी तिचीच तक्रार होती. सकाळी चहा झाला की ओसरीत खुर्ची टाकून मी बसायचो. मी मराठी बाजू वाचायची, तिनं जर्मन म्हणायचं, मी उलटून बघायचं. नोकरीत मी हद्दीच्या खुणा बोटभरही इकडच्या तिकडे होऊ दिल्या नाहीत, इथंही सोडायचो नाही. ती म्हणायची, ‘‘एवढं तं चालते.’’ मी म्हणायचो, ‘‘नाही चालत. लाल कप्पा.’’ रस्त्यानं जाणाऱ्या बायांना वाटायचं, हे म्हातारा-म्हातारी सकाळी सकाळी भांडून राह्यले. तीन वर्षं हे चाललं. त्या तीन वर्षांत मी एकदाही म्हणालो नाही की मलाही शिकव. उलट घरी कोणी आलं की मी सांगायचो, हे यडपट काम तिचं हाय, मले त्यातलं एक अक्षर समजत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तारा आली. पहिले दोन दिवस दोघी एकमेकींकडे बघत होत्या. तारा भराभर बोलायची आणि सुमनच्या तोंडून शब्द यायचा तोवर ती दुसऱ्या खोलीत गेलेली असायची. तिसऱ्या दिवशी जेवताना ताराच्या तोंडात भाकरीचा घास होता आणि ती मांजरीकडे बघत तशीच बसून राहिली होती. सुमननं सवयीनं विचारलं, ‘‘काऊन वं?’’ तारानं घाईघाईनं घास चावायला सुरुवात केली. सुमनला वाटलं पोर घाबरली, म्हणून तिनं आणखी मायेनं विचारलं, ‘‘काऊन? काऊन माय?’’ तर पोर गाल फुगवून जीव तोडून चावायला लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. प्रणाली हसत हसत खालीच बसली. जर्मनमध्ये काऊन म्हणजे चावणे. आम्ही आयुष्यभर ‘काऊन’ म्हणून कारण विचारत आलो आणि तिकडच्या पोरीला वाटलं आजी चाव म्हणते. सुमननं ताराला तिच्या भाषेत ते अडखळत का होईना समजावून सांगितलं, आणि ताराला समजलं. मधे कोणी नव्हतं. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. दुपारी वाकळेवर पडून सुमन तिला गोष्ट सांगायची. ससा, उंदीर, विहीर, सगळे आमच्या ओसरीतल्या चिठ्ठ्यांवरचे शब्द. मी दाराशी पेपर तोंडासमोर धरून बसायचो. पेपर मी वाचत नव्हतो, हे आता लिहायला हरकत नाही.

तारा गेल्यावर मात्र एक शब्द आला आणि सुमन त्याच्यापुढं हरली. ‘आठवण येणे’. जर्मनमध्ये फरमिसन. ‘इश फरमिस डिश’, मला तुझी आठवण येते. सुमन दर वेळी ‘मिअर’पासून सुरुवात करायची, म्हणजे ‘मले’पासून, आणि पुढं अडकायची. प्रणालीनं सांगितलं की तिकडं ‘मी’पासून सुरू करायचं. सुमनला ते मान्य नव्हतं. ‘‘मी काय करतो त्यात? आठवण आपोआप येते,’’ ती म्हणायची. ती चिठ्ठी दोन महिने लाल कप्प्यातून हलली नाही. शेवटच्या सकाळीही तेच झालं. मला अमडापूरची गाडी गाठायची होती. ‘मिअर…’ म्हणून ती थांबली, आणि मी चिठ्ठी खोक्यात टाकून उठलो. ‘‘तुह्या डोक्यात नाही जायचं हे आता. सोडून दे,’’ असं म्हणालो. माझा टॉवेल पिशवीत घालायचा राहिला होता, तो तिनं आणून दिला. हे शेवटचं. मी माझ्या त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे, ते पुसायची सोय नाही.

प्रणाली एकटीच आली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, अंगणवाडीतून शिकून गेलेली पोरं मंडप उभारायला न सांगता आली. जाताना प्रणाली म्हणाली, ‘‘बाबा, ताराला अजून नाही सांगितलं. माझ्यानं सांगवत नाही.’’ मी म्हटलं, तुझं तू बघ. त्यानंतर तिचा कॉल आला की मी दोन शब्द बोलून फोन ठेवायचो. तारा समोर आली की हात हलवायचो आणि म्हणायचो, ‘‘प्रणाली, मले तिचं समजत नाही, तू बोल.’’ चांगला आडोसा होता तो. न समजणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

मागच्या रविवारी फोन ताराच्याच हातात होता. प्रणाली आत स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. तारा माझ्या पाठीमागं, खोलीत, इकडं तिकडं बघत होती. मग तिनं विचारलं, ‘‘आबा, वो इस्ट आजी?’’

मला समजलं. थांबावं लागलं नाही, आठवावं लागलं नाही. आजी कुठे आहे? तीन वर्षं हजाराच्या घरातल्या चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी मीच वाचल्या होत्या, रोज, दोन दिवसांआड, महिन्यानं. सुमनच्या आधी त्या माझ्या डोक्यात जाऊन बसल्या होत्या आणि मी फुशारकीनं सगळ्यांना सांगत होतो की मला एक अक्षर येत नाही.

पण हा ‘वो’ मला चिठ्ठीमुळं समजला असंही नाही. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लग्न झालं तेव्हा मी सुमनला ‘अवो’ म्हणायचो, वर्षा-दोन वर्षांत त्यातला ‘अ’ गळून पडला. अडतीस वर्षं, वो, चाय मांड. वो, माहा चष्मा कुठी हाय. कुठे या अर्थाची ती चिठ्ठी आली तेव्हा सुमन इतकी हसली होती. ‘‘हा मले नका शिकवू. दिवसातून पन्नास खेपा आयकतो,’’ म्हणाली आणि तिनं ती पहिल्याच दिवशी हिरव्या कप्प्यात टाकली होती.

आडोसा गेला होता. समोर पाच वर्षांची पोर उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, ‘‘निश्ट हिअर.’’ इथे नाही. माझ्या तोंडून तिची भाषा ऐकून तारा आधी चकित झाली, मग फोन चेहऱ्याजवळ आणून, जणू आता तिला खरा माणूस सापडला अशा थाटात, अगदी शांतपणे तिनं पुढचं विचारलं.

‘‘वो?’’

मी खोलीकडे बघितलं आणि माझ्याही तोंडून तेच आलं, नेहमी यायचं तसं. ‘‘वो…’’

ताराला वाटलं, मीही तिलाच विचारतोय. तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली. ‘‘वाइस इश निश्ट,’’ म्हणाली. मला नाही माहीत.

तेही मला समजलं.