बाळूच्या गळ्यातला हार

आजवर हे माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो. तुम्हाला सांगतोय, कारण ओढा वाचवला म्हणून माझ्या खांद्यावर शाल टाकणाऱ्यांत तुम्ही नव्हता. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी रडायला बसलेलो नाही. ओढ्यासाठी जेवढी भांडणं केली, त्यातलं एकही मागे घेणार नाही.

मंगळवार पेठेत माझं सायकलींचं दुकान आहे. रविवार उजाडला की गळ, काठी आणि कणकेचा गोळा घेऊन मी शहराबाहेरच्या ओढ्यावर जायचो. चिलापी मिळायची, नशीब असेल तर मरळ. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला दागिन्यांना मुलामा द्यायची शेड उभी राहिली आणि पाण्यावर हिरवा तवंग यायला लागला. मी अर्ज केले, बाटल्या भरून साहेबांच्या टेबलावर आपटल्या, लोक गोळा केले. "मासं गावंनात म्हणून बोंबलतंय," असं लोक म्हणायचे. बरोबरच होतं की! मासे मिळावेत म्हणूनच भांडत होतो. त्यात लाजायचं काय?

माझा एक तोरा होता. मासा धरावा तर गळानं. काही लोक डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, मासे गुदमरून वर येतात आणि हे हातानं गोळा करतात. अशांच्या मागे मी काठी घेऊन धावलोय. हे चोराचं काम, असं मी चारचौघांत ओरडून सांगायचो.

सांगतो. थांबा जरा — आधी बाळू सांगितला पाहिजे.

बाळू त्या शेडवर कामाला होता. घाण पाण्याच्या टाकीचा वॉल त्याच्या ताब्यात. मालक सांगेल तेव्हा तो उघडायचा आणि पाणी गुपचूप ओढ्यात जायचं. पण त्यालाही गळाचा नाद. माझ्या शेजारी बसून बसून तो माझा झाला. पाणी कधी सुटणार ते मला आधी कळवायचा, मी जाऊन फोटो काढायचो. मालकाला कळलं असतं तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

एका रविवारी पेठ वडगावचे माझे मेहुणे त्यांचं रस्सा मंडळ घेऊन ओढ्यावर येणार होते. चूल, पातेली, मसाला त्यांचा — मासे माझे. "दाजी, जमंना तर बाजारातनं आणा गुपचूप," म्हणून त्यांनी चिडवलं होतं. मला ते झोंबलं. आदल्या दिवशी बाळू दुकानात आला नि म्हणाला, "अण्णा, मालकानं उद्याला पाणी सोडाय सांगितलंय. पर मी न्हाय सोडत. तुमचं पावणं यायचं हायत की. टाकीत जागा हाय अजून." माझ्या जेवणासाठी त्यानं मालकाचा शब्द मोडला. लक्षात ठेवा हे.

सकाळपासून बसलो. एक मासा हलेना. ऊन चढलं, मेहुण्याचा फोन आला की निघालोय. घरच्या आडात टाकायला घेतलेली ब्लीचिंग पावडर गाडीच्या डिकीत होती. — होय. मीच. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी ती डोहात ओतली. एवढ्याशा डोहात काय होणार, असं म्हणालो स्वतःला. मरळ वर आल्या, त्या उचलल्या. पावण्यांनी बोटं चाटली, "दाजी, मानलं!" म्हणाले. मी पोट बरं नाही म्हणून भातावर दही घेतलं.

त्याच संध्याकाळी कुणीतरी वरच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या. पाणी सुटलं आणि माझ्या डोहातलं विष घेऊन खाली गेलं. सोमवारी सकाळी ओढा पांढऱ्या पोटांनी भरलेला होता.

लोक माझ्याकडे धावत आले. "अण्णा, शेडवाल्यानं केलं शेवटी!" शेडचं नाव आधी मी घेतलं नाही, एवढं खरं. पण नंतर माझ्याएवढ्या मोठ्यानं दुसऱ्या कुणीच घेतलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या. आमच्याकडे आंदोलन म्हटलं की हार आलाच — मेलेल्या माशांचा, दोषी माणसाच्या गळ्यात. पोरांनी मासे आणले, दोरी माझी होती आणि ओवलेही मीच.

मालक हात जोडून पुढे आला. कामगाराच्या हातून वॉल उघडला असेल, म्हणाला. त्यानं पाणी सोडायला सांगितलंच होतं, ते सुटलं असंच तो समजत होता. त्यानं बाळूला पुढे ढकललं. बाळू गर्दीकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. "मी न्हाय सोडलं पाणी. अण्णा, तुम्हास्नी ठावं हाय की!"

ठावं होतं. त्या गर्दीत फक्त मलाच ठावं होतं. आणि मी हार त्याच्या गळ्यात घातला.

पुढे तपासणी झाली, ओढ्याकडे जाणारा चोरपाइप सापडला, शेडला कुलूप लागलं. त्याचं मला तिळभर वाईट वाटत नाही. मालक रोजच विष सोडत होता, पुन्हा शेड उघडली तर पुन्हा दारात आडवा पडेन. आज ओढ्यात पोरं पोहतात. चांगलं झालं, हजारदा चांगलं झालं. पण ते बाळूच्या गळ्यावरून चालत जाऊन झालं, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकायची नाही मला.

बाळूला इथे कुणी कामाला ठेवेना. "ओढा मारला त्यानं," हे त्याच्या पुढे पुढे चालायचं. शेवटी तो राधानगरीकडे, सासुरवाडीला गेला. गेल्या पावसाळ्यानंतर मी तिकडे गेलतो तेव्हा दूध संकलन केंद्राच्या दारात तो कॅन उचलताना दिसला. मी मान वळवली, पण त्यानं हाक मारली. पळत आला. मला वाटलं — आता हा विचारणार.

"अण्णा, लई दिस तुमास्नी सांगीन म्हणतोय," तो म्हणाला. "वॉल नीट बसला नसंल वो माझ्याच्यानं. मी हात लावला नव्हता असंच आठवतंय, पर एवढं मासं उगा मरतील व्हय? माझंच चुकलं असणार."

त्याचे डोळे भरले होते. रस्त्यावर आम्ही दोघंच. एक वाक्य पुरलं असतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे बाळू. मी कधीच मनातनं काढून टाकलंय."

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.